मी एडवणच्या वाळूत खिळे शोधतो

मित्रांनो, मी एक जुना मेटल डिटेक्टर आहे. लांबून पाहणाऱ्याला मी काठीला ताटली लावल्यासारखा दिसतो. वर धरायला मूठ, कोपर टेकवायला खोबण, मुठीपाशी बटणं आणि तळाशी गोल चकती. चकतीखाली धातू आला की मी वाजतो. माझ्या जातीत मी सगळ्यांत साधा, नवशिक्यांसाठी बनवलेला.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला आणि खोक्यात बसून मी बोईसरच्या बाजारात एका दुकानात आलो. तिथे कारखान्यांचे लोक यायचे. फाटकावर माणसं तपासायची छोटी यंत्रं घेऊन जायचे. मला कोणी विचारत नसे. फळीवर धूळ खात मी बसून होतो. एके दुपारी खांद्याला जड कापडी पिशवी लावलेल्या एक बाई दुकानात आल्या.

त्यांचं नाव आनंदी. समुद्रकाठच्या एडवण गावात राहणाऱ्या, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. गावात सगळे त्यांना आनंदीबाई म्हणत. रोज सकाळी त्या किनाऱ्यावर मुलींना पोलीस भरतीसाठी पळायला शिकवत. त्या मुलींत मंगळी सगळ्यांत पुढे असायची. ती डोंगराकडच्या पाड्यावरची, एडवणला मावशीकडे राहून शिकणारी, आणि कायम अनवाणी पळणारी.

त्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपाशी झुंबर नावाच्या मच्छीमाराने आपली जुनी होडी मोडली होती. चांगल्या फळ्या त्याने घरी नेल्या, बाकीचं लाकूड तिथेच जाळलं. लाकूड जळून गेलं, खिळे वाळूत राहिले. त्यातला एक मंगळीच्या टाचेत खोलवर घुसला. जखम चिघळली. भरतीची मैदानी परीक्षा झाली, तेव्हा ती पायाला पट्टी बांधून मावशीच्या ओट्यावर बसली होती. आनंदीबाई बोईसरला आल्या त्या यासाठी.

"कारखान्यासाठी पाहिजे का, मॅडम?" दुकानदार दर्पणने विचारलं.

"नाही. समुद्रावरच्या वाळूतले खिळे काढायचेत."

दर्पणने माझा सगळ्यांत महागडा भाऊबंद खाली काढला. "मग हा घ्या. हातभर खोल जातो. सोनं, चांदी, तांबं वेगवेगळं सांगतो. लोखंडाचा तर त्रासच नाही. ते तो आधीच वगळून टाकतो."

"मला लोखंडच ऐकायचंय," आनंदीबाई म्हणाल्या.

मग त्यांनी पिशवी उघडली. आत एडवणची कोरडी वाळू होती आणि डब्यात गंजलेले खिळे. दर्पणने एक टब आणला. त्यात वाळू ओतून बाईंनी चार बोटं खाली खिळा पुरला. लहान मुलांचं एक स्वस्त खेळणं होतं, ते खिळ्याला जवळजवळ टेकल्यावरच वाजलं. महागड्याचं लोखंड वगळणारं बटण बंद केल्यावर त्याने खिळा झटकन ओळखला. पण बाईंनी तो उचलून दुकानभर फिरवून पाहिला आणि खांदा चोळत खाली ठेवला.

"हे रोज सकाळी मुली उचलणार. आणि हातभर खोल जाऊन मी काय करू? पाय जेवढा रुततो तेवढंच मला बघायचंय."

शेवटी माझी पाळी आली. मी हलका होतो. खिळ्यावर आलो आणि स्पष्ट वाजलो. बाईंचा चेहरा खुलला. मग त्यांनी बाटलीतून आणलेलं समुद्राचं पाणी वाळूवर ओतलं आणि मी खिळा नसतानाही वाजू लागलो. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

दर्पणने काही लपवलं नाही. "खाऱ्या ओल्या वाळूवर हा अशीच बडबड करणार, मॅडम. कमी किमतीच्या मशीनचं असंच असतं. तिथे महागडाच लागेल."

"होडी वर जाळली होती. तिथे भरतीचं पाणी पोचत नाही," बाई म्हणाल्या. "याला सेल कुठले लागतात?"

"साधे. तुमच्या गावात मिळतील."

"बिघडला तर?"

"माझ्याकडे आणा."

अशा रीतीने, मित्रांनो, माझी निवड झाली.

दुसऱ्या दिवसापासून माझं काम सुरू झालं. बाईंनी सुतळी बांधून वाळूचे पट्टे पाडले. चकती वाळूच्या अगदी जवळ, पण न टेकवता, सावकाश इकडून तिकडे फिरवायची. मी वाजलो की मुली खुरप्याने उकरायच्या आणि सापडलेला खिळा तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. बाटल्यांची झाकणं निघाली, तारा निघाल्या, गळ निघाले. पण सगळ्यांत जास्त खिळेच. काम सुरू करण्याआधी बाई मला नेहमी एका खिळ्यावर फिरवून पाहत. मी वाजलो की मगच पुढे.

एकदा झुंबर तिथे येऊन उभा राहिला. डब्यात वाकून पाहत तो म्हणाला, "एवढे माज्याच होडीचे?" त्याने एक खिळा उचलून बोटांत फिरवला. "आमी आपली जाळून मोकळे झालो. पोरी पळतात हितं, ते डोक्यातच नाय आलं." दुसऱ्या दिवशी तो चाळण घेऊन आला आणि जळक्या जागेची वाळू चाळत बसला.

गावात माझं कौतुक होऊ लागलं. तेच कौतुक ऐकून बाईंचा पुतण्या ललित मला मागून घेऊन गेला. त्याच्या वाडीत एक पडकी भिंत होती आणि तिच्या पायथ्याशी काहीतरी पुरलेलं आहे असं त्याला वाटत होतं. लोखंडाचा आवाज नको म्हणून त्याने माझं बटण फिरवलं. त्याला काहीच मिळालं नाही. संध्याकाळी त्याने मला बाईंच्या पडवीत आणून ठेवलं. बटण मात्र तसंच राहिलं.

नेमका दुसरा दिवस मंगळीच्या पळण्याचा होता. पाय बरा झाल्यावर ती पहिल्यांदाच वाळूवर येत होती. त्या गडबडीत बाईंनी मला खिळ्यावर फिरवून पाहिलं नाही. पहिला पट्टा मी मुकाट पार केला. मित्रांनो, माझ्या चकतीखालून खिळा गेला होता. तो मला जाणवला होता, पण लोखंडाबद्दल बोलायची मला मनाई होती. पट्ट्याच्या टोकाला मंगळी पळायला उभी राहिली.

"हा आज एवढा गप्प कसा?" बाई स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी डब्यातला एक खिळा वाळूवर टाकला आणि मला त्यावर धरलं. मी गप्पच.

"मंगळे, थांब."

त्यांनी बटण जागेवर आणलं आणि पट्टा पुन्हा तपासला. मध्यावर मी वाजलो. उकरलं तर टोक वर करून उभा असलेला खिळा. मंगळी तो पाहून वाळूतच बसली.

"बाई, माज्यानं आता नाय होणार. माजा पायच उचलत नाय."

बाई तिच्याशेजारी वाळूत बसल्या. मग बाईंनी मला तिच्या हातात दिलं.

"चूक माझी झाली. मी आधी तपासायला हवं होतं. आता तूच बघ. पाय तुझा, तर कानही तुझाच असू दे."

मंगळीने आधी मला खिळ्यावर फिरवलं, मग पट्ट्यावर. संपूर्ण पट्टा तिने दोनदा तपासला, एकदा जाताना आणि एकदा येताना. मग मला बाईंकडे देत म्हणाली, "कायच नाय हितं." आणि ती पळाली. आधी जपून, बोटांवर. मग टाच टेकवून. मग असं, की बाकीच्या मुली आपलं पळणं सोडून बघत उभ्या राहिल्या.

पुढच्या भरतीत मंगळीची निवड झाली. ती प्रशिक्षणाला गेली. बाईंचे गुडघे दुखू लागले, किनाऱ्यावरचं मुलींचं पळणं बंद पडलं आणि मी दाराआड उभा राहिलो. माझ्या पोटातले सेल कोणी काढले नाहीत. ते पाझरले आणि त्यांना टेकणाऱ्या माझ्या धातूच्या पट्ट्या हिरव्या पडल्या. सुट्टीवर आलेल्या मंगळीने मला उचललं, तेव्हा माझा आवाजच निघेना. तिने मला दर्पणकडे नेलं.

"याच्यापेक्षा नवीन घ्या ना," तो म्हणाला.

"हाच नीट करा," मंगळी म्हणाली.

त्याने पट्ट्या साफ केल्या, एक स्प्रिंग बदलली. माझा आवाज आता थोडा घोगरा आहे, पण काम चालतं. सकाळचं पळणं पुन्हा सुरू झालं आहे; बाई वाळूवर खुर्ची टाकून बसतात आणि मोठ्या मुली धाकट्यांना शिकवतात.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र घ्यायला जाल तेव्हा काय शोधायचं आहे, कुठे शोधायचं आहे आणि ते रोज कोण उचलणार आहे, हे आधी स्वतःला विचारा. काम झालं की चकती पुसा, सेल काढून ठेवा. दुसऱ्याचं मागून आणलंत तर होतं तसं करून परत द्या. आणि जमिनीत खिळा सोडून जाऊ नका. तिथून पुढे कोण अनवाणी जाणार आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं.

आताही सकाळ झाली आहे. एक नवी मुलगी मला पट्ट्यावरून फिरवते आहे, बाकीच्या कान देऊन उभ्या आहेत. टोकापर्यंत मी गप्प राहिलो की त्या पळायला लागतील.