फळीखालचा हौद

मी कोंबड्यांच्या शेडच्या दारातला हौद बोलतोय. हौद म्हणजे फार मोठं नाव झालं. पायाचा घोटा बुडेल एवढंच पाणी मावणारा सिमेंटचा खड्डा, दोन पाय शेजारी शेजारी राहतील एवढाच. माझ्यात पाणी असतं आणि पाण्यात फिनाईल. कोंबड्यांकडं जाणाऱ्यानं आधी माझ्यात उभं राहायचं, चपला भिजवायच्या, मग आत जायचं. पायाला लागून आलेला रोग माझ्यापाशीच मरावा, यासाठी मी आहे.

चांदवडहून आत गेलं की कांद्याच्या चाळी संपतात, तिथं आमची वस्ती. शेड बांधताना गोरक्ष गवंड्याकडं थोडा माल उरला होता. तो फेकून द्यायचा की काय, असं चाललं असताना उज्वला म्हणाली, "दारात खड्डा करा. पाय बुडवायला." गोरक्ष हसला, पण त्यानं केला. उरलेल्या मालातून जन्म झाला की फारशा अपेक्षा राहत नाहीत. सिमेंटला काही वाटत नाही असं लोक म्हणतात, आणि बरंचसं खरंच म्हणतात.

उज्वला ही या घरची सून. नवरा वाल्मीक ट्रकवर, घरी कमी आणि हायवेवर जास्त. तालुक्याला कोंबडीपालनाचं शिबिर झालं, तिथून ती हे सगळं शिकून आली. वाडवडिलांची जमीन पुंजारामआबांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची, ट्रक शेठचा, घर सगळ्यांचं. पण वस्तीवर लोक म्हणायचे, "उज्वलाचं शेड." या घरात तिच्या नावानं ओळखली जाणारी तेवढी एकच गोष्ट होती.

माणसं मला पायांवरून कळतात. उज्वलाच्या टाचा भेगाळलेल्या. त्यात फिनाईल झोंबायचं, पण तिनं कधी पाय आखडता घेतला नाही. तिची मुलगी तृप्ती चवड्यांवर उभी राहायची, नखं रंगवलेली असली की जास्तच. खाद्याच्या गोण्या आणणारा माणूस मला ओलांडून उडी मारायचा आणि उज्वला त्याला मागं बोलवायची. "अहो, हौद काय शोभेला हाय का?" पुंजारामआबा एक अंगठा बुडवायचे आणि तीर्थ घेतल्यासारखं तोंड करायचे. उज्वला त्यांनाही सोडायची नाही. "आबा, दुसरा पाय राहिला." आबा कुरकुरायचे, पण बुडवायचे.

गावरान कोंबड्यांची नवी पिल्लं आली. पहिली लस झाली, डोळ्यात एकेक थेंब. दुसरी लस पुढच्या सोमवारी ठरली होती. दोन लसींच्या मधले दिवस सांभाळायचे असतात, हे उज्वला घरातल्या सगळ्यांना जेवताना सांगायची. घरातले सगळे जेवायचे.

त्याच आठवड्यात तृप्तीला बघायला पाहुणे आले. कळवणकडचे धनराव, त्यांचा मुलगा ललित आणि बरोबर चार-सहा माणसं. मुलगा चांगला होता. तृप्तीच्या पसंतीचा होता, हे तिच्या चालण्यावरून मला आधीच कळलं होतं. आधीची एक सोयरीक मानपानावरून फिसकटली होती. त्यामुळं या वेळी काही उणं राहू नये म्हणून आबा सकाळपासून अंगणात येरझाऱ्या घालत होते.

ओट्यावर पाहुण्यांना पाय धुवायला पाणी दिलं, टॉवेल दिला, चहा झाला, पोहे झाले. धनरावांना बोलायची हौस. म्हणाले, "शेड दाखवा की. लय ऐकलं तुमच्या शेडाबद्दल."

वहाणा घालून सगळे निघाले. उज्वला पुढं झाली. मी तिच्याकडं बघत होतो. तिचं तोंड उघडलं होतं.

"थांब," आबा हळू म्हणाले. "काय सांगती त्यांना?"

"आबा, पाय बुडवावे लागतील. लस राहिलीये."

"अगं, सोयरे हायेत. आपण त्यांना पाय धुवायला पाणी देतो. फिनाईलमध्ये उभं करतो का? ढोरं हायेत का ती?"

"दोन मिनिटांचं काम हाय."

"एकदा मोडलीये पोरीची. ध्यानात ठेव."

उज्वला तृप्तीकडं बघून बाजूला झाली. आबांनी भिंतीला टेकवलेली एक फळी उचलली आणि माझ्यावर टाकली. वर पोतं अंथरलं, त्यावर घरातली सतरंजी. मी अंधारात गेलो.

वरून पाय गेले. वजनदार, नव्या वहाणांचे, एकामागून एक. मला कोणी शिवलं नाही. फळीच्या फटीतून थोडी ओली माती माझ्या पाण्यात पडली. मातीला कोंबड्यांच्या खुराड्याचा वास होता, पण तो आमच्या कोंबड्यांचा नव्हता. तेवढी माती माझ्याकडं आली. बाकीची आत गेली.

धनरावांनी आतून कौतुक केलेलं ऐकू आलं. "काय स्वच्छता हाय! वा!" त्याच दुपारी सुपारी फुटली. साखर वाटली. आबांनी तृप्तीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. सतरंजी झटकून घरात गेली, पोतं आणि फळी भिंतीला गेली.

चार-पाच दिवसांनी पिल्लं पेंगायला लागली. हिरवी शी. चोच उघडी ठेवून श्वास. मग काहींच्या माना उलट्या वळल्या, ती स्वतःभोवती फिरायची आणि पडायची. उज्वलानं पाहिल्याबरोबर ओळखलं. मानमोडी. याला औषध नाही, फक्त आधी द्यायची लस आहे. तिची दुसरी खेप सोमवारी व्हायची होती.

जनावरांचे डॉक्टर आले. माझ्यात दोन्ही पाय नीट बुडवून आत गेले, तसेच बाहेर आले. आबा आणि उज्वला दारात उभे होते.

"बाहेरचं कोणी आत आलं होतं का? ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत असं कोणी?"

आबा जमिनीकडं बघायला लागले. अंगणाच्या कोपऱ्यात शेजारच्या दोन बाया उभ्या होत्या. सुपारी फुटली आणि कोंबड्या मरायला लागल्या, तेव्हा या सोयरिकीचा पायगुण काही बरा नाही, अशी कुजबुज त्यांनी आधीच सुरू केली होती. पायांचं मला थोडं कळतं. गुणांचं नाही.

"नाय," उज्वला म्हणाली. "कोणी नाय आलं."

"बघा बरं आठवून. त्या गावाला कळवावं लागेल, तिकडं पण पसरत असेल."

"नाय आलं कोणी."

डॉक्टरांनी मान हलवली. जी जगली होती ती पण ठेवता येणार नाहीत, म्हणाले. शेताच्या कडेला खोल खड्डा खणला. उज्वलानं स्वतः पाट्या भरून नेल्या. प्रत्येक वेळी जाताना आणि येताना ती माझ्यात उभी राहिली. घाई केली नाही, चुकवलं नाही. खड्ड्यात चुना टाकला, वर माती लोटली. रडली नाही. हात धुतले, भाकरी टाकल्या, सगळ्यांना वाढल्या आणि रोज खाते तेवढीच खाल्ली. मला वाटलं होतं, काहीतरी बोलेल. मग मलाही काही वाटेनासं झालं.

शेडात खाली अंथरलेलं भाताचं तूस जाळलं. शेड धुऊन चुना मारला. नवी पिल्लं कधी आणायची ते कोणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आबांनी एका सकाळी ती फळी कुऱ्हाडीनं फोडली आणि बंबात घातली. त्या दिवसापासून ते शेडकडं फिरकले नाहीत.

लग्न झालं. चांगलं झालं. मांडवात कोणी रुसलं नाही.

शेड रिकामं होतं, पण उज्वला रोज सकाळी यायची. माझं शिळं पाणी उपसायची, घासायची, नवं पाणी, नवं फिनाईल. मग स्वतः माझ्यात उभी राहायची, आत जायची, रिकाम्या शेडात थोडं थांबायची आणि परत यायची. तिला कोणी हटकलं नाही. मी विचारलं असतं, पण मला विचारता येत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तृप्ती माहेरी आली. तिला सोडायला खुद्द धनरावच आले. चहा होईपर्यंत सवयीनं ते शेडकडं वळले आणि दारात थबकले.

"हे काय हाय, विहीणबाई? मागल्या टायमाला नव्हतं."

"होतं. फळीखाली होतं."

"कशापायी?"

"कोंबड्यांकडं जायच्या आधी पाय बुडवायचे. बाहेरचा रोग आत जाऊ नये म्हणून."

"मग सांगायचं ना!" धनरावांनी वहाणा काढल्या.

"वहाणांसकट," उज्वला म्हणाली.

त्यांनी हसत वहाणा परत घातल्या, धोतर वर धरलं आणि माझ्यात येऊन उभे राहिले. त्यांचे पाय मला पहिल्यांदाच लागत होते. मोठे होते, साधे होते.

"घ्या. एवढंच ना? यात कसला आलाय मान नि अपमान! अहो, त्या दिवशी तर सांगायलाच पाहिजे होतं. बाया तयार होत होत्या, म्हणून घरच्या मेलेल्या कोंबड्या मीच उकिरड्यावर टाकल्या नि तसाच गाडीत बसलो. सगळ्यांच्या माना अशा वाकड्या..."

हाताची मान करून ते दाखवत होते. हात तसाच राहिला.

उज्वला त्यांच्याकडं बघत नव्हती. ती रिकाम्या शेडच्या जाळीकडं बघत होती. ओट्यावरून तृप्ती उठून आली होती.

"आई, तू बोलली का नाय तेव्हा?"

"तुझी सुपारी फुटायची होती."

घरातून आबांचा खोकला ऐकू आला आणि थांबला. तृप्ती आईच्या जवळ गेली, पण आईनं हात पुढं केला नाही, मागंही घेतला नाही. धनराव अजून माझ्यातच उभे होते. सिमेंटला काही वाटत नाही, असं मी सुरुवातीला म्हणालो. पण ते तसे उभे असताना मला वाईट वाटलं. सांगून टाकतो.

माझं मागणं मोठं नाही. सोयऱ्यांना पाटावर बसवा, टोपी-उपरणं द्या, साखर वाटा. पण जनावरांच्या दाराशी आले की म्हणा, पाय बुडवा. त्यांना राग येत नाही. मी स्वतः पाहिलंय, ते हसतात आणि धोतर वर धरतात.

बऱ्याच वेळानं धनराव माझ्यातून बाहेर आले. पाय बुडवून झाले होते. पण ते आत गेले नाहीत. आत बघायला काही नव्हतं.