पंचमीला काढलेला खण

अंबरीशला त्या टेबलातून काय मिळणार होतं, ते आधी मांडलेलं बरं. लातूरच्या नव्या फ्लॅटमधून तो मुलांना जीवशास्त्राचे ऑनलाइन तास द्यायचा, आणि कॅमेऱ्यात त्याच्या पाठीमागं वॉशिंग मशीन दिसायचं. तिथं वडिलांचं सागवानी टेबल आलं असतं, तर धडा तोच राहिला असता, पण सर वजनदार झाले असते. बायकोनं, म्हणजे मनस्विनीनं, टेबलाला शोभतील असे पडदेही आणून ठेवले होते. शिवाय एक बारीक फायदा होता, तो मात्र त्यानं मनस्विनीलाही सांगितला नव्हता. पंधरा ऑगस्टला आक्का ते टेबल देगलूरच्या वाचनालयाला देणार होती. तिनं एकदा दिलं की दिलं. तेव्हा त्याआधी उचलायचं. नागपंचमीची कॉलेजला सुट्टी होतीच.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण चंद्रप्रभा. शाळेतून निवृत्त झाल्यावर देगलूरच्या घरात एकटीच राहायची. पंचमीचा उपास ती भावासाठी धरायची. त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, कापायचं नाही, चुलीवर तवा चढवायचा नाही. विळी, कात्री, कुदळ आदल्या संध्याकाळीच कपाटात. एका शेतकऱ्याच्या नांगराखाली नागाची पिल्लं सापडून मेली आणि नागिणीनं त्याच्या घरावर सूड उगवला, त्याची कहाणी ती दरवर्षी पाटावरच्या नागोबासमोर वाचायची, आणि दरवर्षी तिचा आवाज त्याच जागी बारीक व्हायचा.

यंदा भाऊ पंचमीलाच येतोय म्हटल्यावर तिनं हौसेनं दिंडं उकडली. भाऊ आला. पाठोपाठ टेम्पोही आला. तिनं दोघांकडं पाहिलं आणि काय ते समजली.

"न्यायचं तर ने, अंबू," ती म्हणाली. "पण आज हत्यार लावू नकोस."

टेम्पोवाला सत्यम तेलुगू घरातला, देगलूरच्या बाजारात वाढलेला. त्यानं टेबल हलवून पाहिलं आणि ते जागचं ढिम्म हललं नाही, तेव्हा आधी खण काढा म्हणाला. वरचा खण सुरळीत निघाला. खालचा मात्र श्रावणाच्या ओलीनं फुगून बसला होता. मागची खोली, तिला लागूनच परसातलं गवत. त्या कोपऱ्यात टेबल किती वर्षं उभं होतं कुणास ठाऊक. सत्यमनं पटाशी मारू का विचारलं. आक्कानं नुसती नकाराची मान हलवली. अंबरीश हसला. पटाशीची गरजच काय, डोकं लावलं की झालं, असं काहीसं बोलून तो फरशीवर बसला. सर लोकांना डोकं लावायची सवय असते. हात कुठं घालतोय ते ते नंतर बघतात.

त्यानं खणाच्या कडांना साबण चोळला. मग वरच्या रिकाम्या जागेतून उजवा हात घालून तो खालच्या खणाच्या मागं नेला. मागून ढकलायचं, पुढून ओढायचं. खण बोटभर पुढं आला आणि तिरका होऊन थांबला. अडकलेला खण थोडा आत सारून परत ओढला की सरळ होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यालाही होतं. फक्त आपला हात मागंच आहे, हे तेवढ्या वेळापुरतं त्याच्या ध्यानातून गेलं. गुडघ्यानं त्यानं खण आत दाबला. साबणावरून तो सर्रकन गेला आणि मनगट टेबलाच्या पाठीशी चेपून गच्च बसला.

त्यानं खणाची मूठ धरून ओढली. मूठ हातात आली, खण जागेवरच.

सत्यमला हसू आलं, आक्कालाही थोडं आलं. अंबरीशनं मात्र एकाएकी ओढणं थांबवलं. मागच्या अंधारात त्याच्या बोटांवरून काहीतरी गेलं होतं. गार, कोरडं, आणि सावकाश.

"सत्यम," तो हळूच म्हणाला, "खालून बघ जरा."

सत्यम पालथा पडला, मोबाइलचा उजेड टेबलाखालच्या फटीत धरला, आणि गुडघ्यांवरच मागं सरकला. "पाम," तो म्हणाला. देगलूरला हा शब्द तेलुगू न येणाऱ्यालाही कळतो. साप. "सार, हलू नका. काळं हाय, पांढरे पट्टे हायत."

काळ्यावर पांढरे पट्टे म्हणजे मण्यार, हे अंबरीश दरवर्षी शिकवायचा. मण्यार चावली तरी दुखत नाही, सूज येत नाही, माणसाला कळतसुद्धा नाही, हे सांगताना तो मुद्दाम थांबायचा आणि वर्ग कसा गार पडतो ते बघायचा. आता तो स्वतः गार पडला. मघाशी बोटांवरून नुसतं गेलं की चावून गेलं? बोटं बधिर झाली होती ती मनगट दाबल्यामुळं की आणखी कशामुळं? मण्यारीचं विष भिनलं की पापण्या मिटायला लागतात; त्या जड वाटत होत्या का? पाप्यासारखा तो आपल्याच पापण्यांची उघडझाप मोजत बसला.

पट्टे जोडीजोडीनं आहेत की एकेक, शेपटीकडं आहेत की मानेकडं, असं त्यानं विचारलं. त्यावरून मण्यार आणि बिनविषारी कवड्या वेगळे ओळखता येतात.

"ते मोजाया थांबलो न्हाई सार," सत्यम दारातून म्हणाला.

टेबल कलतं करावं तर साप हातावरच येणार. ठोकावं तर बिथरणार. एकच उपाय होता. वरच्या रिकाम्या जागेतून करवतीचं बारीक पातं आत घालून खणाची बाजूची फळी कापायची, म्हणजे खण सैल पडेल. पातं सत्यमच्या टेम्पोत होतं. ते त्यानं आणून दिलंही, पण उंबऱ्याच्या बाहेरून. आत हात घालायला तो तयार नव्हता, आणि त्याला कुणी दोष देऊ नये. घरी त्याची लेकरं होती.

आक्का पात्याकडं बघत राहिली. देवघरात पाटावर चंदनाचा नाग होता, त्याच्यासमोर लाह्या. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि ते सगळं या फरशीवर बसलेल्या माणसाच्या आयुष्यासाठी होतं.

"आक्का, राहू दे," अंबरीश म्हणाला. पण तो हे ज्या आवाजात म्हणाला, त्याचा अर्थ उलटा होता.

"गप बस," ती म्हणाली. पदर खोचून ती त्याच्याशेजारी बसली, आणि त्याच्या हाताला लागून तिनं आपला हात आत घातला.

लाकूड कापल्याचा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटत होता. अंबरीश तिच्या तोंडाकडं बघत होता. तिचे ओठ हलत होते. कहाणी म्हणत होती की माफी मागत होती, कळत नव्हतं. दोनदा ती थांबली, ऐकलं, परत सुरू झाली. मग एक ओढ वेगळी गेली. कुरकुर न करता, मऊ. तिचा हात क्षणभर तिथंच थबकला. तिनं डोळे मिटले आणि पातं पुन्हा ओढू लागली.

फळी तडकली. खण सैल पडला. अंबरीशनं हात ओढून घेतला, उजेडात धरला, बोटन् बोट उलटून पाहिलं. मनगट सुजलं होतं. दाताची खूण कुठंच नव्हती.

सत्यमनं काठीनं खण बाहेर ओढला. कापलेल्या फळीशी तो साप पडला होता, हातभर लांबीचा, मधून जवळजवळ तुटलेला, अजून थोडा वळवळणारा. अंबरीशनं वाकून नीट पाहिलं. पट्टे एकेक, मानेपासून सुरू झालेले, शेपटीकडं विरत गेलेले.

"कवड्या!" तो मोठ्यानं हसत सुटला. "बिनविषारी, आक्का. काही म्हणजे काही झालं नसतं."

आक्काच्या हातात अजून पातं होतं. भुशाबरोबर त्याला दुसरंही काही चिकटलं होतं. तिनं ते धुतलं, पुसलं, सत्यमला परत दिलं. मग सापाला फडक्यात गुंडाळून परसात नेलं. खणायचं नव्हतं म्हणून तुळशीपाशी दगडाखाली ठेवलं. दिंडं तिनं भावाला वाढली. स्वतः त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

आता या टेबलाच्या किमतीत कुणी काय भरलं ते. सत्यमनं त्याच दुपारी टेबल लातूरला पोचवलं आणि दोन दिवस टेम्पोच्या सीटखाली हात घातला नाही. वाचनालयाला टेबल मिळालं नाही. मनस्विनीनं खालची रिकामी जागा पडद्यानं झाकली, कॅमेऱ्यात तसंही वरचंच दिसतं. अंबरीशचं मनगट आठवड्यात बरं झालं, आणि मण्यारीचा धडा तो आता न थांबता, भरभर उरकतो. सापानं जीव दिला, आणि त्याच्याकडं देण्यासारखं दुसरं होतंही काय.

आक्का रोज सकाळी लातूरला फोन करते. हात कसा आहे, एवढंच विचारते. बरा आहे म्हटलं तरी थोडा वेळ फोन ठेवत नाही, अंबरीशच्या बोलण्याचा, खोकण्याचा, श्वासाचा आवाज ऐकत राहते. बाकीच्यांनी आपापलं भरून टाकलं. तिचं अजून चालू आहे.