रडायची खोली

"बाई, सरका हो जरा! स्ट्रेचर येतंय!" वॉर्डबॉय वरून ओरडला.

जिन्याच्या वळणावर बसून रडणारी बाई सरकली नाही. तिला ऐकूच आले नसावे. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती. खालून डबे घेऊन नातेवाईक चढत होते, वरून स्ट्रेचर उतरत होते आणि मधोमध ही. नुकताच तिचा भाऊ गेला होता. सिस्टरने तिच्या काखेत हात घालून तिला उठवले, भिंतीशी उभे केले, स्ट्रेचर जाऊ दिले आणि पुन्हा त्याच पायरीवर आणून बसवले. दुसरीकडे बसवायला जागाच नव्हती.

"रडा तुम्ही," सिस्टर म्हणाली, "पण जरा भिंतीच्या बाजूनं बसून रडा."

बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली. दिवसभर ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना.

तिची सगळी नोकरी अतिदक्षता विभागातच झाली होती. माणसे कुठे कुठे रडतात हे तिने पाहिले होते. बायका संडासात नळ सोडून रडत, पुरुष औषधांच्या दुकानामागे जाऊन. एक दांडगा माणूस तर स्कूटरवर बसून, डोक्यावरचे हेल्मेट न काढता रडला होता. धीर द्यायला शंभर जण पुढे येतात, पण आधी आडोसा लागतो आणि तो कुणाच्याच हातात नसतो, असे तिला वाटे.

त्यामुळे नवी इमारत बांधायची ठरली आणि नकाशे काढणारी आर्किटेक्ट मुलगी सगळ्यांना विचारत फिरू लागली, तेव्हा सिस्टरचे उत्तर तयारच होते. मोठ्या डॉक्टरांनी मोठ्या गोष्टी मागितल्या होत्या, बाकीच्या सिस्टरांनी कपाटे आणि पंखे.

"तुम्हाला काय हवं, सिस्टर?"

"रडायला जागा द्या."

मुलीने मान वर केली. "कुणाला रडायला?"

"पेशंटच्या माणसांना. एक खोली द्या, आमच्या वॉर्डाला लागूनच. आतून कडी हवी. खिडकी हवी, पण बाहेरून आतलं दिसायला नको. आणि ट्यूबलाइट नका बाई लावू. त्या उजेडात धडधाकट माणूससुद्धा गेल्यासारखा दिसतो."

मुलगी हसली. मग हसू आवरून म्हणाली, "माझे बाबा गेले तेव्हा मी पार्किंगमध्ये रडले होते. दोन गाड्यांच्या मध्ये." आणि तिथल्या तिथे, सिस्टरच्या टेबलावर, तिने ती खोली काढायला घेतली.

घरी सिस्टरने हे सांगितल्यावर नवरा जेवता जेवता थांबला. तो शाळेची बस चालवायचा आणि दिवसभर पोरांच्या कलकलाटात राहून त्याचीही जीभ चांगलीच चुरूचुरू चालायला लागली होती.

"लोक दिवाणखाना मागतात, आमच्या सरकारांनी रडायची खोली मागितली! आता भांडायला पण एक मागून घे. आपल्याला घर अपुरं पडतंय."

"चेष्टा सुचते तुम्हाला."

"चेष्टा नाही गं," तो म्हणाला. "चांगलं मागितलंस."

खोली झाली, आणि मागितली होती तशीच झाली. भिंतीला फिका पिवळा रंग, कोपऱ्यात मंद दिवा, खिडकीबाहेर झाड. खुर्च्यांच्या गाद्यांचे कापड सिस्टरने स्वतः निवडले होते. 'रडायची खोली' अशी पाटी लावणे कार्यालयाला जमण्यासारखे नव्हते, म्हणून 'संवाद कक्ष' अशी लागली. पहिल्या दिवशी सिस्टरने खिडकीची काच आपल्या हाताने पुसली. आयुष्यात आपण मागितलेली एक गोष्ट भिंतीसकट उभी राहिली, याचा तिला फार आनंद झाला होता.

डॉक्टरांना ती खोली फारच आवडली. पूर्वी ते वाईट बातमी पॅसेजमध्ये उभ्या उभ्या सांगून मोकळे होत. आता नातेवाइकांना आत नेत, बसवत, पाणी देत आणि मग सांगत. यात चुकीचे काहीच नव्हते. पण बाहेरच्या बाकावर बसलेल्यांनाही डोळे होते. आत कोण गेले आणि कसे बाहेर आले, हे ते बघत होते. थोड्याच दिवसांत बाकावरून बाकावर पसरले की त्या खोलीत बोलावले म्हणजे संपले. मग लोक तिच्यासमोरून जाताना मान फिरवू लागले. एका म्हाताऱ्या वडिलांनी तर चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली. "तिथं नको, साहेब. तिथं गेलं की माणूस जातं. माझा मुलगा अजून आहे."

त्यांचा मुलगा गेलेलाच होता. ते जिन्यात जाऊन रडले. नवा जिना रुंद होता, एवढाच काय तो फरक.

सिस्टरला हे लागले. ती धाकट्या डॉक्टरला म्हणाली, "अरे, चांगल्या बातम्यापण तिथंच देत जा ना."

"चांगली बातमी द्यायला खोली कशाला लागते, सिस्टर? ती मी चालता चालता देतो." पण पोरगा गुणाचा होता. सलाइनची सुई लावायला त्याला तिनेच शिकवले होते. तिच्या शब्दाखातर त्याने एका बाईला हसतमुखाने खोलीत बोलावले. तिच्या मुलाचा व्हेंटिलेटर निघाला होता, तेच सांगायचे होते. बाई दारातच चक्कर येऊन पडली आणि तिच्या कपाळाला टाके घालावे लागले.

घरी नवरा पोट धरून हसला. सिस्टर मात्र हसली नाही.

वर्षाने आर्किटेक्ट मुलगी खोली बघायला आली. एकटीच आत बसून राहिली. "आपलं काय चुकलं?" तिने विचारले.

"तुझं काही नाही चुकलं, बाळा. मी जे मागितलं ते तू दिलंस."

"मग काय बदलू?"

सिस्टरने चारही भिंतींकडे एकदा पाहिले. खोलीत नाव ठेवायला काही नव्हते. फक्त आत कुणी येत नव्हते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नवरा बस धुता धुता कोसळला. त्याला तिच्याच विभागात आणले. सिस्टर आता रोजच्या कपड्यांत, दाराच्या दुसऱ्या बाजूला, बाकावर बसली. बाक इतका कडक असेल हे तिला कधी कळले नव्हते. आत कुठले मशीन का वाजते आहे हे तिला ओळखू येई, आणि ओळखू आले नसते तर बरे झाले असते.

एका दुपारी धाकटा डॉक्टर बाहेर आला. त्याने बाकापर्यंत यायच्या आधीच खोलीचे दार उघडून धरले होते.

"सिस्टर, जरा आत बसू या का?"

दारातून पिवळी भिंत दिसत होती, दिवा दिसत होता, तिने निवडलेल्या गाद्या दिसत होत्या. मरण तिला नवे नव्हते. पण आत पाऊल टाकले नाही तोवर आपला नवरा आहे, असे तिला अगदी खात्रीने वाटले.

"इथंच सांग."

"सिस्टर, इथं सगळे बघताहेत..."

"इथंच सांग रे."

त्याने तिथेच सांगितले. तिने मान हलवली, "नळ्या काढल्यात का?" असे ड्यूटी घेतल्यासारखे विचारले आणि वॉर्डात निघून गेली.

ती रडली नाही. इस्पितळात सगळे ओळखीचे होते. घरी लेक होती, जावई होता, दीर-जावा होत्या. जो तो येऊन तिला मिठी मारायचा आणि तीच त्यांची पाठ थोपटत बसायची. हात सवयीने चालत. नंतर सगळे आपापल्या घरी गेले, तरी तिला रडू येईना.

ती कामावर परतली. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला की बाकीच्या सिस्टरांच्या गप्पा बंद पडत आणि कुणीतरी आपली भाजी तिच्या डब्यात वाढू लागे. तिला ते सोसेना. म्हणून ती डबा घेऊन त्या खोलीत जाऊ लागली. तिथे कुणी फिरकत नाही, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक होते? वॉर्डातली बेल ऐकू यावी म्हणून दार तेवढे उघडे ठेवायची. रोज दुपारी बाकावरची माणसे तिला आत जाताना बघत, जेवताना बघत, आणि डबा घेऊन साधीच बाहेर येताना बघत.

एक दिवस दारात एक बाई उभी राहिली. तिच्या हातातही डबा होता. तिची सासू आदल्या दिवशीच दाखल झाली होती.

"इथं बसलं तर चालतं का हो? बाहेर घास उतरत नाही."

"चालतं की. मी रोज बसते."

बाई समोरच्या खुर्चीवर बसली. दोघी जेवू लागल्या. सिस्टरने पहिला घास घेतला आणि तो तोंडातच राहिला. तिने डबा खाली ठेवला.

"काय झालं?" बाईने विचारले.

"भाजीत मीठ नाही," सिस्टर म्हणाली. "मी कधी चाखून बघत नाही. आमचे हे सांगायचे. पहिला घास घेतला की सांगायचे, सरकार, मीठ विसरलात..."

पुढचे तिला बोलता आले नाही. तोंडावर दोन्ही हात दाबले तरी आवाज बाहेर आला, पॅसेजपर्यंत गेला. तिने उघड्या दाराकडे पाहिले.

समोरची बाई उठली. तिने दार लोटले आणि आतून कडी घातली.

"बेल..." सिस्टर कशीबशी म्हणाली.

"मी ऐकते बेल," बाई म्हणाली. "वाजली की सांगते तुम्हाला." मग तिने आपली खुर्ची ओढून दाराजवळ घेतली आणि तिच्याकडे न बघता उरलेला डबा खाऊ लागली.