कृष्णेच्या डोहातली आरमारी लढाई

पलटणीतून निवृत्त होऊन आलेल्या लालासाहेबाने समुद्र पाहिला होता, तो लढाईवर इटलीला जाताना, बोटीच्या कठड्यावर ओणवा होऊन, ओकत ओकत. पण गावाला तेवढं पुरेसं होतं. सांगलीच्या वरल्या अंगाला कृष्णेकाठच्या त्या गावात दुसऱ्या कुणी खारं पाणी बघितलंच नव्हतं. त्यामुळे स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या चैत्री जत्रेत आंग्र्यांच्या आरमाराची लढाई डोहात करून दाखवायचं पंचांनी ठरवलं, तेव्हा सगळा कारभार त्याच्याच गळ्यात पडला.

गुऱ्हाळं आटोपली होती. उसाचा रस आटवायच्या दोन भल्यामोठ्या काहिली रिकाम्या होत्या. नदीला पाणी असलं की माणसं काहिलीत बसूनच पैलतीर गाठायची. तेव्हा त्या झाल्या मराठ्यांच्या होड्या, आणि तालमीतला पैलवान ज्ञानू त्यांचा सरखेल, म्हणजे आरमाराचा सरदार. नावाडी रहिमानची मोठी नाव इंग्रजांचं जहाज ठरली. बांबूची डोलकाठी रोवून तिच्यावर जुन्या धोतरांचं शीड चढवलं. आता इंग्रज कप्तान कोण? सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"सायबाची टोपी तुमच्याकडंच हाय की," ज्ञानू लालासाहेबाला म्हणाला, आणि विषय मिटला.

घरी मनुबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. "आवं, समद्या गावाम्होरं सायेब हून हरायचं? माझ्या म्हायेरची मानसं येनार हायती!"

"हरायला बी कसब लागतं," तो नवरेपणाच्या ऐटीत म्हणाला खरा, पण घास काही नीट उतरेना.

बेत सोपा होता. जहाजाने वरून यायचं, काठावरून उखळीचे बार उडायचे, काहिलींनी दोन्हीकडून घेरायचं आणि कप्तानाने पांढरं निशाण दाखवायचं.

जत्रेच्या दिवशी घाट माणसांनी फुलला. पहिला बार उडाला आणि नेमकं तेव्हाच वारं सुटलं. धोतराचं शीड टम्म फुगलं, नाव सुसाट निघाली. तिकडे काहिलींना ना पुढचं टोक ना मागचं. चौघे चारी बाजूंनी वल्ही मारत होते, आणि सरखेल ज्ञानू उगारलेल्या तलवारीसकट भोवऱ्यासारखा गरगरत होता.

जहाज त्यांच्या शेजारून सर्रकन निघून गेलं. लाटेने एक काहील दरडीला जाऊन आपटली. घाटावरची माणसं एकमेकांकडं बघू लागली. इंग्रज जिंकत होता!

"रहिमान, शीड उतरव!" लालासाहेबाला घाम फुटला.

"दोरी अडकलीया! तुमीच करकचून बांधलीया नव्हं?"

लालासाहेबाने मागे पाहिलं. ज्ञानूचा चेहरा रडवेला झाला होता. काठावर त्याची म्हातारी आई तोंडाला पदर लावून उभी होती. पोरगं महिनाभर तलवार फिरवायला शिकलं होतं.

तेवढ्यात नाव उंच दरडीच्या आडोशाला गेली. वारं पडलं, शीड लोंबलं. लालासाहेब उठला, तोंडाभोवती हात धरून ओरडला, "ज्ञानू! मागल्या अंगानं ये! मागं तोफा न्हाईत माझ्या!"

"दुश्मनाचं आमी ऐकत न्हाई!" ज्ञानू तिकडून गरजला. सोंग त्याच्या अंगात पुरतं भिनलं होतं.

मग लालासाहेबाने पलटणीतला आवाज काढला. "दोनी काहिली! डावी बाजू वल्ही वर! उजवी बाजू... एक! दो! एक! दो!"

त्या आवाजापुढे सरखेलाचंही काही चालेना. हात आपोआप हलू लागले. काहिली गिरकी घेऊन सरळ झाल्या. "दोनी बाजू! एक! दो!" इंग्रज कप्तान आपल्याच जहाजावर हल्ला चढवत होता आणि रहिमान सुकाणूवर डोकं टेकून हसत होता.

काहिली मागून भिडल्या. "हर हर महादेव!" म्हणत ज्ञानूने नावेत उडी मारली. पण तो साडेतीन मणांचा गडी! नाव कलली, उलटली. कप्तान, सरखेल, नावाडी, सगळे पाण्यात! नशिबाने तिथं पाणी छातीएवढंच होतं. नाकातोंडातून पाणी काढत लालासाहेब उभा राहिला, डोक्यावर येऊन पडलेलं ओलं पांढरं निशाण हलवलं आणि ओरडला, "हरलो! इंग्रज हरला!"

घाट असा गर्जला की उरलेले बार कुणाला ऐकूच गेले नाहीत. शिट्ट्या, हलगी, गुलाल. ज्ञानूने गळ्यात पडलेला हार काढून लालासाहेबाला घातला, त्याला खांद्यावर घेतलं आणि तसाच चिखलातून वर चढला.

"आरं, उतरीव! मी दुश्मन हाय!"

"गप बसा. लढाई तुमीच जितलासा."

मनुबाई माहेरच्या बायकांत उभी होती. नवरा चिंब, मिशीला शेवाळ. तिने कोरडं धोतर पुढं केलं.

"कसं काय वाटलं?" त्याने चाचरत विचारलं.

"लय झ्याक हरलासा," ती म्हणाली आणि इतकी हसली की बाकीच्या बायकाही तिच्याकडे बघून हसायला लागल्या. तिची मोठी भावजय पुढं झाली आणि लालासाहेबाच्या हातावर गुळाचा खडा ठेवत म्हणाली, "दाजी, आमच्या गावच्या जत्रंलाबी या, नदी हाय आमच्याकडं."