एकाच आधणाचा गूळ

मार्गशीर्ष उतरणीला लागला होता. उसाला तुरे आले होते, रजतशुभ्र, वायुचंचल. आणि इतके दाट की आभाळातला एक ढग चुकून त्यांच्यात मुक्कामाला उतरला, तो तीन दिवस कुणाला सापडलाच नाही. खोटं वाटत असेल तर नदीला विचारावं. तिनं त्याला शेजारून पाहिलं आहे.

गुऱ्हाळाच्या चिमणीतून मधुगंधभारित धूर निघे. त्यातून उडालेल्या कावळ्यांचे पंख चिकट होत, आणि मुंग्या त्यांच्यामागं आभाळात रांग धरीत.

अशा गोड ऋतूत, गुऱ्हाळाच्या मालकिणीची सून उपाशी होती.

कुमुदिनी तिचं नाव. वर्षामागं बाळंतपणाच्या तापात तिचा श्वास तुटू लागला, तेव्हा सासूनं, हौसाक्कानं, मळाईदेवीपुढं पदर पसरला होता. सून वाचू दे, पोर चालायला लागली की सुनेच्या भारोभार गूळ वाहीन. सून वाचली. हौसाक्कानं त्याच हंगामात गूळ रांधून ठेवला, सुनेच्या तेव्हाच्या वजनाचा, चौपन्न किलो. मळाईचा नेम कडक. नवसाचा गूळ एकाच काहिलीतला, एकाच आधणाचा, एका उकळीत उतरलेला. मागाहून त्यात खडादेखील मिसळायचा नाही, की तो बदलून दुसरा रांधायचा नाही.

माळ्यावर ताम्रवर्ण ढेपा मुकाट बसून राहिल्या. माळ्याखाली कुमुदिनी वाढत गेली.

माणसाच्या कंठाशी फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. कुमुदिनीचं ते फुलपाखरू बाळंतपणानंतर पंख मिटून झोपी गेलं. मग देहातली ज्योत मंदावली. भरदुपारी थंडी वाजे. केस फणीत राहत. पाऊल जड, पापणी जड, तोंडातला शब्दसुद्धा जड. चंद्रकोरीसारखा चेहरा सुजून पौर्णिमेला पोचला. चौपन्नाचे सत्तर झाले.

"आक्काच्या घरचं तूप मानवलं गं सुनंला," नळावर बाया म्हणत, आणि घागरी हसत.

जत्रा एकवीस दिवसांवर आली, तशी कुमुदिनीनं कुणाला न सांगता उपास धरला. सोळा किलो झिजायचं, नाहीतर भरल्या जत्रेत पारडं खोटं बोलणार, आणि सासूचा नवस तिच्या मांसानं बुडणार. पहाटे देवीला नैवेद्य, मग त्यातलं पेलाभर दूध, बस्स. गळ्यातल्या फुलपाखराला जागं करायला डॉक्टरीणबाईंची गोळी होती. पण नैवेद्याआधी घशाखाली काही उतरवायचं म्हणजे पाप. म्हणून गोळीही त्याच दुधासंगं. शुभ्र दुधात शुभ्र गोळी, रोज श्रद्धेनं बुडे.

आणि रोज ती गुऱ्हाळाच्या काट्यावर उभी राही. सत्तर. पाचव्या दिवशी सत्तर. बाराव्या दिवशी एकोणसत्तर, आणि तेराव्या दिवशी पुन्हा सत्तर. पोटात वणवा, त्वचेवर हिवाळा, आणि काटा ध्यानस्थ ऋषीसारखा अचल.

एकोणिसाव्या दिवशी मुजावर डॉक्टरीणबाईंनी तिची नाडी धरली आणि त्यांच्या भुवया चढल्या.

"गोळी कशासोबत घेतेस?"

"दुधासंगं. नैवेद्याच्या."

"अगं माझ्या बाई! दूध तिला अंगी लागू देत नाही. अनशापोटी घ्यायची, नुसत्या पाण्याबरोबर, मग तासभर काही नको. आणि जेव. उपासानं ती गाठ जागी होत नाही, तूच आडवी होशील."

"परवापत्तूर वजन उतरंल?"

"परवा? महिने लागतील. तेही थोडं थोडं."

कुमुदिनीनं पदर सावरला. घरी काहीच बोलली नाही. दोन दिवस दूधही सोडलं.

जत्रेचा दिवस उजाडला. मळाईच्या अंगणातला तराजू चिंचेच्या अख्ख्या खोडाचा. एका इनामदाराला तोलताना तो असा कुरकुरला होता म्हणतात, की तीन गावांतल्या म्हशी आटल्या. एका पारड्यात ढेपा चढल्या. दुसऱ्यात कुमुदिनी बसली, पाय दुमडून, श्वास आखडून, जणू श्वासालाही वजन होतं.

दांडी कलली. कुमुदिनी भुईला टेकली. गूळ अधांतरी वर गेला, आणि वरच राहिला.

हलगी थांबली. हजार डोळे एका देहावर आले. त्यांचंही ओझं पारड्यात पडलं. "बांगड्या काढ गं," कुणी कुजबुजलं. "मंगळसूत्र बी काढ," दुसरी म्हणाली. गुरवानं मान खाली घातली. हौसाक्काचे ओठ पांढरे पडले.

कुमुदिनीच्या डोळ्यांपुढं अंधार फिरला. त्या अंधारातून ती उठली, तसा गूळ भुईला आला. ती पलीकडच्या पारड्यापाशी गेली. वरच्या ढेपेवर दगड घातला, आणि देवीचा तो अस्पर्शित, एकाच आधणाचा गूळ मुठीत घेऊन तिनं तोंडात टाकला.

जत्रा गोठली. वाराही तुऱ्यांवर बसला.

ती चावत होती. गालांवरून अश्रू, हनुवटीवरून गूळ. "भूक लागलीया, आत्याबाई," एवढंच म्हणाली. "एकवीस दिस."

हौसाक्का चालत आली. हात उगारलेलाच होता, सगळ्यांनी पाहिला. तो सुनेच्या सुजल्या गालावर आला, आणि तिथंच राहिला.

"मेले, मला सांगायचं न्हाईस?" तिचा आवाज फुटला. "मी सून मागितली व्हती गं. चौपन्न किलो न्हवती मागितली."

मग ती गर्दीकडं वळली. "काय बघताय? हात पसरा!" आणि तिनं ढेप फोडली. दुसरी फोडली. पोरांनी नेला, म्हाताऱ्यांनी नेला, नळावरच्या बायांनी पदरात नेला, मुंग्यांनी त्यांचा वाटा नेला. गूळ घ्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी आक्काच्या कानात गोळीचं सांगितलं. "आणि उद्यापास्नं गोळी पाण्यासंगं," हौसाक्का मध्येच सुनेवर ओरडली, "देवी थांबंल तासभर. मी सांगते तिला."

सांजावलं. अंगण रितं झालं. एका पारड्यात कुणी नव्हतं, दुसऱ्यात काही नव्हतं. दोन्हींत सारखंच केशरी ऊन होतं, आणि ती जुनी, जाड, कुरकुरणारी दांडी, हळू हळू डोलत, हळू हळू थांबत, सरळ झाली.