आधी बोट, मग पाणी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. चौकोनी, पंधरा लिटरचा, एका कुशीला पोचा आलेला. माझ्या अंगावर पूर्वी सूर्यफुलाचे पिवळेधमक चित्र होते. आता त्याच्या दोनच पाकळ्या उरल्या आहेत, बाकी सगळा गंज. कोणी नावे ठेवली तर खुशाल ठेवोत. माझ्या पोटात गुलाब आहे, एवढे मला पुरते.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, तेल भरले, झाकण ठोकले. बालपणाचे मला एवढेच आठवते. पुढे मी एका शिंप्याच्या घरी आलो. त्यांना सगळे मास्तर म्हणत. तेल संपल्यावर मी भंगारात जाणार हे ठरलेलेच होते. पण मास्तरांनी मला परसात नेऊन उलटे केले, टेपने बूड मोजले, कापडावर खुणा करायच्या खडूने चार ठिपके काढले आणि मग खिळा ठोकून भोके पाडली. "पाण्याला वाट पाहिजे," ते म्हणाले. डब्याच्या बुडाचे माप घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

सुरुवातीला माझ्यात मिरच्या होत्या, मग पुदिना. गुलाब नंतर आला. मास्तरांची सून शाळेत गणित शिकवते. तिची आई वारली आणि माहेरचे घर विकले गेले. घर रिकामे करताना कोणी कपाट घेतले, कोणी भांडी घेतली. तिने आईच्या गुलाबाची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली.

"बाबा, ही तुम्हीच लावा. माझ्या हाताने झाड जगत नाही."

मास्तरांनी फांदी माझ्यात लावली आणि ती जगली. माझी ती सुखाची वर्षे. मास्तर सकाळी चहाचा कप घेऊन परसात येत आणि माझ्या मातीत बोट खुपसत. माती बोटाला चिकटली तर नुसता चहा पिऊन जात. कोरडी लागली तरच तांब्याभर पाणी घालत. एक गोगलगाय माझ्या कडेवर मुक्कामाला असे. मास्तर तिला उचलून भिंतीजवळ ठेवत आणि संध्याकाळपर्यंत बाईसाहेब परत हजर. बुलबुल मात्र येताजाता माझ्यावर बसून घाण करी. त्याला काय बोलणार!

मग मास्तरांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी महिनाभर वाकायला मनाई केली आणि मातीपासून लांब राहायला सांगितले. मास्तर घरात, मी परसात. आणि इथेच घोटाळा झाला.

मास्तरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना वाटले, मुलगा-सून कामात असतात, झाडाकडे कोण बघणार? त्या भांडी घासून झाली की पाणी घालू लागल्या. मुलगा बस चालवतो. त्याला वाटले, आईची कंबर दुखते, आपणच घालावे. तो संध्याकाळी कामावरून आला की घाली. सून तर शाळेत जाण्याआधी न चुकता घाली. प्रत्येकाला वाटे, बाकीचे विसरले असतील. मी ओरडून सांगितले असते, पण डब्याला तोंड असले तरी बोलता कुठे येते? अति तेथे माती म्हणतात. माझ्यात माती आधीच होती, तिचा चिखल झाला. बुडाची भोके गाळाने बुजली. पाने पिवळी पडून माना टाकू लागली, तशी मंडळी आणखी पाणी ओतू लागली. झाड तहानलेले नव्हते, बुडत होते. मला ते आतून कळत होते आणि फार वाईट वाटत होते.

सून एकदा माझ्याजवळ बसून रडली. "आईचं एवढंच उरलं होतं," ती म्हणाली. मास्तरांना मात्र कोणी काही कळू दिले नाही.

महिना झाला. मास्तर काळा चष्मा लावून परसात आले आणि स्टुलावर बसले. त्यांना अजून नीट दिसत नव्हते. सुनेने मला उचलून धुण्याच्या दगडावर ठेवले. मास्तरांनी नेहमीसारखे बोट खुपसले आणि तसेच थांबले.

"कोण पाणी घालतं याला?"

"मी," काकू म्हणाल्या. "मी," मुलगा म्हणाला. "मीही, बाबा," सून हळूच म्हणाली. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "दुपारचं मीपण थोडं घालत होते हो."

गणिताच्या बाईंना बेरीज करायला वेळ लागला नाही. "दिवसातून चार वेळा!" सून म्हणाली.

"माझी कात्री आण," मास्तर म्हणाले.

मित्रांनो, ती कात्री कापडाखेरीज कशालाही लावायची नाही, असा घरातला नियम होता. मुलाने लहानपणी एकदा त्या कात्रीने पतंगाचा कागद कापला, तर मास्तर दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

"अहो, कापडाची?" काकूंनी विचारले.

"कापड कुठल्याही दुकानात मिळतं. हिच्या आईचं झाड कुठे मिळणार?"

त्यांनी कात्री सुनेच्या हातात दिली. ती म्हणाली, "मला नाही जमणार, बाबा. माझ्या हाताने..."

"मला अजून वाकवत नाही, धड दिसतही नाही. हात तुझे, डोळे तुझे, माझं नुसतं तोंड. काळं आणि मऊ लागेल ते मूळ काप. पांढरं दिसेल त्याला धक्का लावू नकोस."

तिने गुलाब बाहेर काढला. दोन पांढरी मुळे शिल्लक होती, फक्त दोन. बाकीची तिने कापली आणि वरच्या फांद्याही आखूड केल्या. मुलाने मला धुतले. शेजारीण म्हणाली, "डबा टाकून द्या आता, बूड गेलंय." पण मास्तर म्हणाले, "त्याचा काय दोष? आपणच त्याला बुडवला. खडू आणा, आणखी दोन भोकं पाडू." मग कोरडी माती आणि वाळू घालून मला सावलीत, दोन विटांवर ठेवले.

तीन आठवडे काही झाले नाही. मग एका सकाळी काडीवर तांबूस कोंब दिसला. सुनेने तो तीनदा मोजला. एकच होता.

आज गुलाब माझ्यापेक्षा उंच आहे. कात्रीची धार गेली. ती आता परसातल्या खिळ्याला टांगलेली असते आणि सूनच ती वापरते. मास्तरांचा डोळा छान बरा झाला, तरी झाडाचे काम त्यांनी परत मागितले नाही. ते फक्त चहा पितात आणि बघतात.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. कोणावर माया करायची असेल तर आधी बोट घालून बघा, त्याला काय हवे आहे ते. सून रोज सकाळी येते, माझ्या मातीत बोट खुपसते, आणि एखाद्या दिवशी "ओली आहे" म्हणून पाणी न घालताच शाळेला जाते. त्या दिवशी मला थेंबभरही पाणी मिळत नाही, आणि माझी किती काळजी घेतली जाते हे मला त्याच दिवशी सगळ्यात जास्त कळते.