सात वीसची पाळी

आमच्या करणपुरातली माणसं शेजाऱ्याला चहा पाजतील, त्याच्या पोरीच्या लग्नात पंगती वाढतील, पण त्याच्या मनगटावरच्या घड्याळावर विश्वास ठेवणार नाहीत. कालव्याचं पाणी इथे मिनिटांनी वाटलं जातं. आमची पाळी गुरुवारी, सकाळी सात वीस ते नऊ छत्तीस. आधी हेतराम सहारण, नंतर बलतेज. घड्याळ पाच मिनिटं पुढे करून कोण कधी आला होता, ते धान्याच्या मंडईतल्या हमालांनासुद्धा पाठ आहे.

फेब्रुवारी सरता सरता माझा नवरा जगसीर कापणीचं कंबाईन घेऊन माळव्यात गेला आणि सासऱ्यांचं घड्याळ मनगटाला बांधून गेला. घरी मी, माझी सासू बेबे आणि सात महिन्यांची लेक सीरत. बेबेचे गुडघे गेलेले, सीरत बाटली तोंडाला लावू देत नाही. तेव्हा दारं धरायला मी आणि माझ्या छातीशी ओढणीनं बांधलेली सीरत.

गुरुद्वाऱ्यातला पाठ संपला की स्कूटी काढायची. घड्याळ कोण बघतंय तेव्हा. दूध, लंगोट, खोरं यातच जीव. सरहद्दीच्या तारेच्या अलीकडे कोसभरावर आमचं शेत. शिसवीखाली स्कूटी लावून फोन बघावा तर सहा पस्तीस. पाऊण तास हातात! अख्ख्या आठवड्यात माझा म्हणावा असा तेवढाच वेळ. सीरतला पाजायचं, तिच्या मुठी उघडून आतली लोकर काढायची, तिनं ओंब्यांकडे बघत हुंकार दिला की आपणही द्यायचा.

पाण्याचं दार शेताच्या दुसऱ्या टोकाला, उंच गव्हाच्या आड. पहिल्या गुरुवारी मी सात वीसला तिथे पोचले तर आमचं दार आधीच मोडून पाणी आत सोडलेलं. पहिला वाफा तुडुंब, आणि कडेचा बांध फुटून पाणी हेतरामबापूंच्या बरसीमच्या चाऱ्यात चाललेलं. चिखलात मोठ्या जोड्यांचे ठसे, त्यांच्या शेताकडून आलेले, तिकडेच परत गेलेले.

नऊ वाजून सहा मिनिटांनी बुलेट वाजली. बलतेज.

"वहिनी, खोरं ठेवा खाली. छत्तीस झाले."

"सहा झालेत. तुझं घड्याळ काय बुलेटवर बसून पुढे पळालं?"

"आणि तुमचं काय पाळण्यात झोपलंय?"

त्यानं दार फिरवलं. आमचे शेवटचे चार वाफे कोरडे.

दुसऱ्या गुरुवारी तेच. तेच ठसे, तोच फुटका बांध, तीच बुलेट. घरी येऊन सांगितलं तर बेबेनं कणीक मळता मळताच निकाल दिला.

"हेतराम तुझ्या वाफ्यातून स्वतःची बरसीम पाजतोय. आणि बलतेज त्याचाच चेला. एक डोक्याकडून खातो, दुसरा शेपटाकडून. एकोणीस वर्षांपूर्वी ह्यांच्याशी असंच केलं होतं त्यानं. तेव्हापासून त्याच्याशी शब्द नाही माझा."

"बेबे, बापू दिसायला साधे आहेत हो."

"साधा? साधा माणूस दुसऱ्याच्या दाराला हात लावतो का?"

पुढच्या शुक्रवारपासून कालवा महिनाभर बंद होणार होता. गहू चिकात आलेला. त्या चार वाफ्यांना एवढं शेवटचं पाणी मिळालं नाही, तर दाणा सुकून जिऱ्यासारखा होणार. जगसीरला फोनवर मी सगळं ठीक आहे म्हणाले, आणि मनाशी ठरवलं की या गुरुवारी चोर पकडायचाच.

त्या दिवशी शिसवीखाली थांबले नाही. सीरतला घेऊन दाराजवळ गव्हात दबा धरून बसले, फोनचा कॅमेरा सुरू करून. सीरत माझी वेणी चघळत होती. पावलं वाजली. हेतरामबापू आले, पांढरा फेटा, खांद्यावर खोरं. स्वतःचं दार चिखलानं बंद केलं, दोन्ही बाजूंना पाहिलं आणि माझं दार मोडलं. फोनात सहा बावन्न.

मी उठून उभी राहिले. "बापू! सापडलात!"

म्हातारा दचकून बांधावर बसला. "वाहेगुरू! अगं, काळजात धडकी भरली."

"माझं दार का मोडलंत? अजून अठ्ठावीस मिनिटं आहेत."

त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. "सात बावीस झाले, सूनबाई."

"तुमच्या घड्याळात! बलतेजच्याही असतील. दोघांनी मिळून पुढे केलीत घड्याळं. आमच्याकडे पुरुष माणूस नाही म्हणून!"

"बेबेला विचार," ते एवढंच म्हणाले.

मी घरी फोन लावला. "बेबे, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले?"

"का गं? मला काय वेळ बघायला ठेवलंय? थांब. सात तेवीस. चौवीस होतायत. पकडलंस का मेल्याला?"

मी फोन ठेवला. पडद्यावर सहा चौपन्न.

बापू उठत हसले. "तुझा फोन तारेपलीकडे, पाकिस्तानात गेलाय. व्हिसा नाही, काही नाही. इथे तो त्यांचा टॉवर धरतो, आणि तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. माझ्या नातवाचंही असंच झालं होतं."

माझे कान तापले. माझा तो पाऊण तास! सीरतचे हुंकार ऐकत मी शिसवीखाली बसायचे, तेव्हा माझंच पाणी वाहत होतं.

"मग सांगितलं का नाही?"

ते बरसीमकडे बघत बोलले. "पहिल्याच गुरुवारी सांगायला आलो होतो. तू पोरीला पाजत होतीस. लांबूनच खोकलो आणि फिरलो. नंतरही तसंच. तुझ्या सासूशी बोलणं नाही. दार मोडून दिलं, म्हटलं पाणी तरी लागेल. बांध उंदरांनी पोखरलाय, चिखल लावला तर टिकत नाही."

"आणि बरसीमला पाणी मिळालं ते?"

"मिळालं. खोटं कशाला बोलू? म्हशीला दोन भारे ने."

म्हातारा खरंच साधा होता की हुशार, तेव्हाही मला ठरवता आलं नाही. वेळही नव्हता, तंट्यात पहिला वाफा पुन्हा तुडुंब झाला होता. मी ओढणी सोडली आणि सीरतला त्यांच्या मांडीवर दिलं. तिनं आधी फेटा पाहिला, मग मिशी, मग रडायचं राहूनच गेलं. मी सलवार खोचली, बांधावर गोणपाट टाकून चिखल लावला आणि पाणी पुढे काढलं. तिसरा वाफा, चौथा, पाचवा. हाताला फोड आला. सहावा. सातव्याला पाणी संथ चढत होतं. ओंब्या हलत नव्हत्या, नुसती जमीन काळी होत पुढे सरकत होती.

आठव्याच्या निम्म्यावर असताना बुलेट वाजली. बलतेज खोरं घेऊन आला आणि हेतरामबापूंच्या मांडीवर सीरतला पाहून थबकला. सीरत खुशाल बापूंच्या घड्याळाचा पट्टा चावत होती.

"किती झाले?" मी विचारलं.

"चौतीस," बलतेज म्हणाला. बापूंनी मान हलवली.

उरलेला अर्धा वाफा भेगाळलेला होता. अजून दहा मिनिटं मिळती तर! बलतेज माझ्याकडे बघत होता, मी भांडेन म्हणून तयारीत. मी दोन मिनिटं पाण्याकडे बघत उभी राहिले. मग छत्तीस होताच दाराशी जाऊन चिखल उचलला आणि माझ्या हातानं आमचं दार बंद केलं.